खऱ्या बायकोची खूण

“हं, नाव घ्या,” असं म्हणून ते कॉपिंग पेन्सिलीचं टोक जिभेला लावत आणि वही उघडून उभे राहत. दारातली बाई पदर ओढून घेई, उंबऱ्याकडे बघे, आतल्या सासूकडे बघे आणि शेवटी शेजारणीला डोळ्यांनीच विनवी, की बाई गं, तूच सांग. हे मात्र जागचे हलत नसत. पेन्सिल चाटून चाटून जांभळी झालेल्या जिभेनं ते पुन्हा म्हणत, “घाई नाही, वहिनी. सरकारला वेळ आहे.”

हे काही लग्नघर नव्हे. ही रेशनकार्डाची चौकशी. पन्नास सालानंतरची ती दोन-चार वर्षं. अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला एका गोदामाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मी तिथला नवा कारकून आणि ते आमचे चौकशी इन्स्पेक्टर. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, बगलेत छत्री आणि चालायची अशी हौस, की अंधेरीहून मरोळला जाताना बस शेजारून गेली तरी तिच्याकडे ते ढुंकून पाहत नसत. त्यांचं खरं नाव आमच्या हजेरीपुस्तकात होतं, पण ते कुणाला लागत नसे. वाकोल्यापासून वर्सोव्यापर्यंत सगळे त्यांना ‘नावघ्या साहेब’ म्हणत.

आता तुमच्यापैकी ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत, त्यांना थोडं सांगायला हवं. त्या वेळी माणूस कोण, कुठला, किती तोंडांचा, हे सगळं कार्डावरून ठरे. मोठ्या माणसाचं एक युनिट, लहानाचं अर्धं, आणि युनिटाप्रमाणे तांदूळ, गहू, साखर. साहजिकच घरात असत त्यापेक्षा माणसं कार्डावर जास्त असत. वारलेले आजोबा वर्षानुवर्षं साखर खात. गावी गेलेला दीर गहू खाई. अंधेरीच्या एका सभ्य गृहस्थांनी तर मोतीराम नावाचा सात वर्षांचा मुलगा कार्डावर चढवला होता. साहेबांनी वही बघून हाक मारली, “मोतीराम!” आणि खाटेखालून एक पांढरा कुत्रा शेपूट हलवत बाहेर आला. साहेबांनी त्याच्या नावापुढे शांतपणे फुली मारली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस बाबा, नियम आहे.”

अशी माणसं पकडणं सोपं होतं. अवघड होती उसनी बिऱ्हाडं. एकाच घराची दोन घरं दाखवायची, दुसऱ्या खोलीत कुणाची तरी चुलत बहीण आणून बसवायची, आणि ही अमक्याची बायको म्हणून वेगळं कार्ड मागायचं. नवरे दिवसा कामावर. चौकशीला घरात बाई एकटी. ती खरी की भाड्याची, हे ओळखायचं कसं?

साहेबांनी त्याची युक्ती शोधली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी मला ती सांगितली.

“हे बघा, बाईला नवऱ्याचं नाव विचारायचं. भाड्याची असेल तर पाठ केलेलं धडाधडा म्हणून टाकील. बापाच्या नावासकट. खरी असेल तर लाजेल, अडेल, दुसऱ्याकडून वदवील. फारच झालं तर उखाण्यात घेईल. खऱ्या बायकोची खूण आहे ती. सरकारी शिक्क्यापेक्षा पक्की.”

“आणि चुकलं तर?”

“अजून चुकलेलं नाही.”

हे मात्र खरं नव्हतं, आणि ऑफिसात सगळ्यांना ते माहीत होतं. पहिल्याच वर्षी ते मरोळच्या गावठाणात गेले होते. तिथली ख्रिस्ती मंडळी मराठीच बोलणारी, शेतीवाडीची, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. तिथल्या बायका नवऱ्याला अंगणातून नावानं हाक मारतात. साहेबांनी विचारलं, आणि प्रत्येक घरातून खणखणीत आवाजात उत्तर आलं, “पास्कू! कशाला पायजे? शेतान हाय तो.” संध्याकाळी साहेब परत आले ते निम्मं मरोळ बनावट ठरवून. दुसऱ्या दिवशी ते सगळे पास्कू आणि सायमन आपापल्या बायका घेऊन आमचा जिना चढले, तेव्हा जिना पडतो की काय असं वाटलं म्हणे. साहेबांनी वहीत नोंद केली: ‘मरोळ गावठाण. पद्धत लागू नाही.’ चूक पद्धतीची नव्हती, मरोळची होती, असं त्यांचं म्हणणं.

माझं लग्न झालं तेव्हा बायकोचं नाव कार्डावर चढवायला मी अर्ज दिला. अर्ज माझ्याच टेबलावरून त्यांच्या टेबलावर गेला. मी म्हटलं, “साहेब, लग्नाला तुम्ही होतात. जिलबी खाल्लीत.”

“मी पाहुणा म्हणून होतो. इन्स्पेक्टर म्हणून नव्हतो.”

रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. मी दार उघडलं तर मलाच विचारतात, “आपण कोण?” आई हसू आवरायला आत पळाली. माझी बायको दाराआडून बाहेर यायला तयार नव्हती, आणि साहेब पेन्सिल जिभेला लावून उभे. वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, “घे गं पोरी, नाहीतर हा माणूस जेवायलाच थांबेल.” तेव्हा दाराआडून आवाज आला,

“तांदळात खडे, गव्हात माती, सरकारचा कारभार,
वसंतरावांचं नाव घेते, युनिटं लिहा चार!”

साहेबांनी वहीत लिहिलं, ‘ओळख पटली,’ आणि मला हळूच म्हणाले, “हुशार आहे. जपून राहा.” चहा घेतला नाही. चौकशीच्या घरी ते पाण्याशिवाय काही घेत नसत, मग ते घर माझं का असेना.

त्यांचा हा सगळा खाक्या मला आवडायचा, हे कबूल करतो. बायका वैतागत, पण मनातून खूशही होत. एरवी हळदीकुंकवाला नाहीतर लग्नात म्हणायचा उखाणा चक्क सरकारदरबारी रुजू होतोय, ही काही लहान गोष्ट नव्हती. काही जणी तर साहेब गल्लीत आले, की नवा जुळवून तयार असत.

अनसूया मात्र तयार नव्हती.

अनसूया वाकोल्याच्या एका बैठ्या चाळीत दोन लहान मुलींना घेऊन राहायची. मरोळच्या मळ्यांतून भाजी आणायची आणि वाकोल्यात दारोदार विकायची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी दुसरी बाई घेऊन निघून गेला होता, आणि जाताना रेशनकार्डही घेऊन गेला होता. इतके दिवस तिनं कसेबसे काढले. मग कुणीतरी सांगितलं, की वेगळ्या कार्डासाठी अर्ज कर. तिनं केला. अर्जात छापलेलंच होतं, ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’, आणि लिहून देणाऱ्यानं तिथे नवऱ्याचं नाव घातलं. नवरा निघून गेल्याचं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. अर्जात तशी जागाच नव्हती.

साहेब चौकशीला गेले. मी बरोबर होतो. ती नुकतीच फेरी करून आली होती, टोपली अजून कडेवर होती. साहेब म्हणाले, “हं, नाव घ्या.”

“दत्ताराम गोविंद,” ती म्हणाली. मेथीची जुडी केवढ्याला, हे सांगावं तशी.

पेन्सिल थांबली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. खुंटीवर पुरुषाचा एक कपडा नव्हता. त्यांनी वही मिटली.

“कुठल्या घरून आणलंय तुम्हाला?”

“म्हणजे?”

“खरी बायको असं नाव घेत नाही, बाई.”

तिला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ती इतक्या जोरात बोलायला लागली, की एकावर एक येणाऱ्या वाक्यांतलं एकही धड ऐकू येईना. साहेबांचा समज झाला, की चोरी पकडली गेल्यावर माणसं असंच ओरडतात. मी तिथे उभा होतो. मला वाटलं होतं, की हिचं काहीतरी वेगळं आहे. पण मी बोललो नाही. नवा होतो, आणि मरोळ सोडलं तर साहेब चुकत नाहीत असं मलाही वाटायचं. साहेबांनी अर्जावर ‘बनावट’ असा शेरा मारला आणि आम्ही चालायला लागलो.

पुढचे आणखी पाच आठवडे त्या घरात दुकानातलं धान्य आलं नाही. न विकलेली भाजी, अळूची देठं आणि शेजारणी देतील ती भाकरी, यावर तिघींनी दिवस काढले. हे मला नंतर कळलं.

मग एका सकाळी ती ऑफिसात आली. डोक्यावर भाजीची टोपली तशीच. रांगेत उभी राहिली, नंबर आला तशी टोपली माझ्या टेबलावर आदळली.

“नाव?” मी सवयीनं विचारलं.

“परत नाव?” ती म्हणाली. “नाव घेतलं तर खोटी, नाही घेतलं तर खरी! हा कुठला रे कायदा? दोन वर्षं झाली, तो मेला दुसरीला घेऊन गेला. मी लाजू कुणाला? खुंटीला? तो गेला त्या दिवशीच म्हटलं, आता ह्याचं नाव असं घ्यायचं, जसं कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं घेतात. तेवढी एक हिंमत केली मी, आणि तुमचा साहेब म्हणतो मी त्याची बायकोच नाही! तसं असतं तर पेढे वाटले असते ना मी!”

रांगेतले लोक हसले. मग एकेक करून गप्प झाले. माझ्यामागच्या कपाटापलीकडे साहेब चहा पीत होते. बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.

ते बाहेर आले नाहीत. खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. ती बाई टोपली उचलून गेली तरी ते कपाटाआडच बसून होते. दुपारी मी पाहिलं, तर त्यांनी जुन्या वह्या काढल्या होत्या. ‘बनावट’ लिहिलेल्या प्रत्येक पानाशी थांबून ते त्या बाईचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते. संध्याकाळी मला म्हणाले, “ह्यातल्या किती जणींचे नवरे पळालेले असतील हो?”

दुसऱ्या दिवशी आम्ही वाकोल्याला गेलो. अनसूया दारातच भाजी निवडत बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही.

“बाई, मी चौकशीला आलोय. पुन्हा,” साहेब म्हणाले.

“तुम्ही कोण?”

“मी... मला ओळखता तुम्ही. इन्स्पेक्टर.”

“कशावरून?”

साहेबांनी खिशातून आपलं ओळखपत्र काढलं. तिनं त्याकडे पाहिलंही नाही.

“कागद काय, कुणाचाही आणता येतो. कुठल्या घरून आणलंय तुम्हाला, कुणाला ठाऊक! ओळख पटवायची तर नाव घ्या. बायकोचं.”

एव्हाना चाळीतल्या दारादारांत बायका उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एकूण एक जणीला साहेबांनी कधी ना कधी नाव घ्यायला लावलं होतं. असा दिवस पुन्हा उगवणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. कुणीतरी आतून पाट आणून ठेवला. एक म्हातारी म्हणाली, “घाई नाही हो, साहेब. आमाला वेळ हाय.”

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी आभाळाकडे बघायला लागलो. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तोंड उघडलं, मिटलं. कान लाल झाले, मग मान, मग कोटाचा गळा संपेपर्यंत जेवढं दिसत होतं तेवढं सगळं लाल झालं. घाटकोपरला त्यांचा पंचवीस वर्षांचा संसार होता, पण बायकोचं नाव काही ओठांवर येईना.

अनसूयानं हातातली जुडी खाली ठेवली आणि टाळी वाजवली.

“लाजला गं! खरा आहे, खरा आहे! भाड्यानं आणलेला नाही!”

चाळ हसून हसून वाकली. मीही हसलो, आणि मला वाटलं, सुटलो आता. पण साहेबांनी हात वर केला. ते खाली बघत, एकेक शब्द मोजून टाकत म्हणाले,

“वाकोल्याच्या बायकांनी घेतली माझी झडती,
...चं नाव घेतो, चूक माझी होती.”

मधलं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. ते त्यांनी वाकोल्यात घेतलं, वाकोल्यातच राहू द्या. पण ते घेताना त्यांचा आवाज फार हळू झाला होता, आणि त्यावर कुणी हसलं नाही, एवढं सांगतो. अनसूया उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मग त्यांनी कोरा अर्ज काढला आणि उंबऱ्यावर बसून स्वतः लिहायला घेतला. ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ या ओळीशी थांबले.

“इथे कुणाचं घालू?”

“त्याचं नको.”

“मग घरात मोठं कोण?”

तिनं इकडेतिकडे पाहिलं. दोन्ही मुली तिच्या पदराला धरून उभ्या होत्या.

“मीच,” ती म्हणाली, जरा चाचरत.

“मग तुमचं घ्या.”

आणि गंमत अशी, की नवऱ्याचं नाव धडाधडा घेणारी ही बाई स्वतःचं नाव सांगताना अडखळली. साहेबांनी लिहून घेतलं. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. साहेबांनी तीनदा वाचलं, एकदाही कंटाळा न करता.

शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं, ‘पूर्वीचा शेरा चुकीचा. चूक माझी.’ आमच्या ऑफिसात असं वाक्य पूर्वी कुणी लिहिलं नव्हतं, त्यामुळे वरच्या साहेबांना त्याचं काय करायचं ते कळेना. त्यांनी सावधगिरी म्हणून आमच्या साहेबांना एक मेमो दिला. मेमो घेऊन ते उलट खुशीत दिसले. जुन्या वह्यांतल्या पत्त्यांवर ते त्यानंतर रोज संध्याकाळी पायी फिरत होते. काही बायका सापडल्या, काही जागा सोडून गेल्या होत्या. ‘नाव घ्या’ म्हणणं मात्र त्यांनी सोडलं. वाकोल्यातल्या एकदोघींनी तर तक्रारही केली, की अहो, आमचा नवा उखाणा वाया गेला.

पुढे वर्ष झालं नाही तोच रेशनिंग उठलं. धान्य मोकळं झालं. लोकांनी आनंद केला, आणि आम्ही रडवे झालो, कारण ऑफिसच बंद व्हायचं होतं. कार्डं परत जमा करून घ्या, असा हुकूम आला. पुन्हा रांगा लागल्या. लोक येत, कार्ड टेबलावर भिरकावत आणि जिना उतरत. मी रजिस्टरात नोंद करायची, साहेबांनी कार्डाला भोक पाडून पोत्यात टाकायचं.

अनसूया आली ती शेवटच्या दिवशी, शनिवारी. कार्ड टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

“हे द्यायलाच लागतं का?” तिनं विचारलं.

“हुकूम आहे, बाई,” मी म्हटलं. “आता उपयोग तरी काय त्याचा? धान्य कुठेही मिळतं.”

“धान्यासाठी नाही रे.” ती जराशी थांबली. “ह्यात माझं नाव पहिलं आहे. पोरींची त्याखाली. असा कागद दुसरा नाही माझ्याकडं.”

मी साहेबांकडे पाहिलं. हुकूम म्हणजे हुकूम, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? कुत्र्याच्या अर्ध्या युनिटाचीही गय न केलेला माणूस तो. त्यांनी तिच्या हाताखालच्या कार्डाकडे पाहिलं. नवं करकरीत होतं, एका कोपऱ्यालासुद्धा दुमड नव्हती.

“लिहा,” ते मला म्हणाले.

“काय लिहू?”

“कार्ड उंदरांनी खाल्ले.”

मी लेखणी उचलून धरली. “साहेब, चौकशी?”

“झाली. मी स्वतः पाहिले उंदीर.”

“किती होते?”

“दोन. एक चष्म्याचा होता.” मला तेव्हा नुकताच चष्मा लागला होता.

अनसूयानं कार्ड उचललं, कमरेच्या पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड दोनदा आवळलं. दारापर्यंत गेली, तिथून वळून साहेबांना हात जोडले आणि गेली.

त्या दुपारीच ऑफिस आवरलं. आम्हा तरुणांना दुसऱ्या खात्यांत सामावून घेतलं. साहेबांना कुठेच घेतलं नाही. वय झालं होतं, आणि कागदांत तो मेमो होता. मी पुढे दोनदा घाटकोपरला जायचं ठरवलं, पण गेलो नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारी. बाकी सगळे निघून गेले होते. त्यांनी रजिस्टर मागवलं, ती नोंद काढली, आपली सही केली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

“साक्षीदार लागतो,” म्हणाले.

उभ्या नोकरीतली त्यांची ती एकच खोटी नोंद. मी तिच्याखाली सही केली. त्यांनी ती वाचून पाहिली, मान डोलावली, छत्री बगलेत मारली आणि ते जिना उतरायला लागले. मला त्यांची पाठच दिसत होती. पण हसताना हलावेत तसे त्यांचे खांदे हलत होते.